वरातीकडून जॅझकडे

२ नोव्हेंबर
आजपासून वरात बंद. नांदेडच्या एका नव्या हॉटेलात दर शनिवारी गच्चीवर जॅझ होणार आहे. ट्रम्पेटवाला पाहिजे. निवड तीस तारखेला. म्हणजे माझीच. देगलूरपासून नांदेडपर्यंत दुसरा आहे कोण?

बँडमालक मल्लिनाथमामांना सांगून आलो, तोंडात रुमाल धरून नागिणीसारखं लोळणाऱ्यांसाठी मी आता फुंकणार नाही. नवरदेवाचा घोडा अडला की तो हलेपर्यंत मनानेच चाल फिरवत राहायची, हे काय कलावंताचं काम? मामा म्हणाले, हाव, जा. पण सीझन तोंडावर हाय, तुरा व्यंकटीला देतो. तुऱ्याची टोपी आमच्यात पहिल्या ट्रम्पेटलाच मिळते. बारा वर्षं माझ्या डोक्यावर होती. द्या म्हटलं. माझ्या मागे वाजवणाऱ्या व्यंकटीचं डोकं तुरा खोचण्यापुरतंच आहे.

४ नोव्हेंबर, सकाळी
हॉटेलचा कीबोर्डवाला संगमेश, त्याने मोबाइलवर कागद पाठवले. सूर लिहिलेलेच नाहीत! नुसती अक्षरं. सी, त्याला मायनरचं शेपूट, त्याच्या शेपटाला सात. पुढची चाल वाजवणाऱ्याने आपल्या मनाने रचायची म्हणे. आळशी लोक.

दुपारी
व्हिडिओ पाहिले. सी मायनर सेव्हन म्हणजे चार सूर. ट्रम्पेटमधून एका वेळी एकच निघतो. म्हणून पहिलं अक्षर माझं, शेपटं संगमेशची. जॅझ आलं. गोऱ्यांनी उगाच बाऊ केलाय.

९ नोव्हेंबर
मनिषा म्हणते, सकाळपासून एकच सूर काढून राहिलात, म्हशीनं दूध चोरलं. जॅझ कळणाऱ्या पोरीला बापाने देगलूरला माझ्या घरी दिलं असतं का? उद्यापासून रोज पहाटे पाचला रियाज.

१० नोव्हेंबर
आठला उठलो. थंडीत पितळ आकसतं. पहाटेचा रियाज शास्त्राला धरून नाही.

१६ नोव्हेंबर
नांदेडला तालीम. संगमेशचा कीबोर्ड बेसूर. दोघांनी सी वाजवला तर त्याचा वर, माझा खाली. तो म्हणतो, दादा, ट्रम्पेट तसंच असतंय. कागदावर सी असला की तुम्ही डी वाजवा, मग जुळतंय. म्हणजे लिहिलंय एक, वाजवायचं भलतंच! आमच्या बँडमध्ये ट्रम्पेट काय, क्लॅरिनेट काय, सगळ्यांचा सी एकच निघतो. बारा वर्षांत एका घोड्यानेही तक्रार केली नाही. स्पष्ट सांगितलं, मी बदलणार नाही, तुझा डबा बदल.

२३ नोव्हेंबर
व्यंकटीची वरात आमच्या दारावरून गेली. तुरा तिरका. मी खिडकी लावली. मनिषाने उघडली.

३० नोव्हेंबर, दुपारी
निवड झाली. संगमेशने काहीतरी बटण दाबलं आणि सगळा कीबोर्ड एक सूर खाली आणला. माझ्याशी चोख जुळला. हे त्याने करायला नको होतं. आता त्याच्या डब्याच्या नावाने सांगायला काही उरलं नाही.

मग मान हलवून म्हणाला, घ्या दादा. मी कागदावरची सगळी अक्षरं ओळीने वाजवली. एकही चुकवलं नाही. शेवटचा सूर डोळे मिटून लांब धरला. डोळे उघडले तर हॉटेलच्या शिवानी मॅडम म्हणाल्या, चेकिंग झालं असंल तर सुरू करा ना सर.

मी ट्रम्पेट पिशवीत ठेवलं.

२ डिसेंबर
हॉटेल भिकार आहे. गच्चीवर वारा लागतो. मामांना स्वतःहून फोन केला, म्हटलं ऐन सीझनमध्ये तुमची अडचण नको. मामा म्हणाले, ये. मागच्या रांगेत एक जण कमीच हाय.

७ डिसेंबर
देवणीला वरात. मी तिसऱ्या रांगेत. बिनतुऱ्याची टोपी हलकी असते, मानेला आराम.

मारुतीच्या पारापाशी घोडा अडला. व्यंकटीने दोनदा चाल वाजवली, घोडा ढिम्म. तेव्हा रांगा ओलांडून माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, इथं तुम्ही मनानंच लई काय काय फिरवायचात, मला न्हाई जमून राहिलं. वाजवा की.

वाजवलं. वर नेलं, खाली आणलं, मध्येच मोडून दुसरीकडून काढलं. कागद नव्हता. त्याला कुठलं अक्षर लावतात, देव जाणे. रुमालवाले मातीत लोळले. मी त्यांच्याकडे बघत आणखी एक फेरी जास्तच वाजवली.

घोडा निघाला. व्यंकटी परत पुढे गेला. तुरा त्याच्याच टोपीवर होता.