सूनबाईचे ओले धागे

४ मार्च
सूनबाईने आज डोकंच फिरवलं! प्रयोगशाळेतून हातमोजा घेऊन आली. बोटाबोटावर लिबलिबीत धागे, कमरेला बांधायला बॅटरी. कृत्रिम स्नायू म्हणे! अर्धांगवायूचा झटका आल्यापासून माझा उजवा हात लोंबतोय — न्हाव्याचा उजवा हात! — आणि ही त्यावर प्रयोग करणार.
"मी काय उंदीर आहे?"
"उंदीर एवढी कटकट करत नाहीत, बाबा."
उद्धट! मुलगा मधे पडला. "बाबांना छळू नकोस. त्यांना आराम करू दे." पोरगं गुणी आहे.

७ मार्च
घातला एकदाचा. वीज सोडली की धाग्यातल्या मऊ जेलमधून आयन, म्हणजे क्षाराचे बारीक कण, एका बाजूला सरकतात. मग धागा आखडतो आणि बोट ओढतो. हे मला ढ पोराला सांगावं तसं सांगितलं.
बोट हललं नाही. जेल सुकलं होतं. "पाणी उडून जातं," म्हणत माझ्यावरच डाफरली — जसं काही मीच प्यायलो!

८ मार्च
तिच्याशी बोललो नाही.

१६ मार्च
न सुकणारं नवं जेल आणलंय. मूठ वळली! गोगलगाईच्या चालीने, पण वळली. मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही. "झालं समाधान?" एवढंच विचारलं. डोळे पुसत होती. नाटकी बाई.
मुलगा म्हणाला, "छान. पण बाबा, दुकान मी भाड्याने देऊन टाकलंय. आता निवांत बसा."
मला न विचारता!

२३ मार्च
आज कात्री धरली. पण डोकं कुणाचं? मुलगा फोन आल्यासारखं करून सटकला. ती खुर्चीत बसली, टॉवेल गुंडाळला. "कापा."
मूठ उघडायला इतका वेळ की तेवढ्यात गिऱ्हाईक म्हातारं होईल! कानामागे चांगलंच टक्कल पडलं. आरशात बघून म्हणाली, "इतका भिकार न्हावी जन्मात पाहिला नाही."
"इतका आळशी स्नायू मीही नाही पाहिला!"
जुंपली आमची. घसा बसेपर्यंत भांडलो. नंतर सडकून भूक लागली. किती महिन्यांनी!
मुलगा घरी आला, तिचं डोकं पाहिलं. "हे काय ध्यान? बंद कर हा तमाशा!" मग त्यांच्या खोलीचं दार लागलं. आतून तिचाच आवाज जास्त.

३० मार्च
दोघं वेगळे होणार. ठरलं. तिला भाड्याची खोली मिळाली आहे.
मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. तुम्ही माझ्याकडेच. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही."
काहीसुद्धा नाही.

३१ मार्च
तिची टॅक्सी आली. तिच्या आधी मीच जाऊन बसलो.
"उतरा, बाबा."
"नाही उतरत."
ही बाई मला अजूनही आवडत नाही. तिने सगळ्यात जड पेटी माझ्या मांडीवर आदळली, शेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.