पाटीवर हेल्पर

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहायले दोन कागद फाडले, तरी शेवटी तेच लिहिलं. पंधरा दिवस झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. परवा वैशाली नगरले दारापर्यंत आली होती. आतून तुमचा खोकला ऐकला आणि स्कूटी वळवून सेक्टर दोनच्या माझ्या क्वार्टरवर परत आली. समोर बोलली असती तर ओरडली असती. म्हणून लिहून राहिली.

ती गाडी आपण आणली तो दिवस आठवते का? त्या रिटायर साहेबाच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं सडत पडली होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, गादीत उंदरांचं घर. म्हणे स्पोर्ट्स कार! सारा मोहल्ला हसला. तुम्ही मात्र बोनटवरून हात फिरवला आणि म्हणाले, मित्रा, आपण हिले उभी करू. तीन वर्षं माझी एकही सुट्टी दुसरीकडं गेली नाही. इंजिन खोललं, गंजका पत्रा कापला, वेल्डिंग केलं. तुमचे गुडघे वाकत नाहीत म्हणून टॉर्च तुम्ही धरायचे आणि गाडीखाली मी. जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, पुढं डिस्क ब्रेक बसवले. आई दारातून ओरडायची की पोळ्या थंड होऊन राहिल्या. एवढं सुख मले दुसऱ्या कशातच नव्हतं, खरं सांगते.

आणि मग दुर्गच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती पाटी. गाडी बांधणारा: प्रफुल. खाली, हेल्पर: संघमित्रा. आपला प्रफुल! पुण्याहून दोनदा आला, स्टेअरिंगवर हात ठेवून फोटो काढले आणि गेला. पाना कोणता नि पकड कोणती, हे त्याले अजून कळत नाही. भावावर माझा राग नाही, पाटी पाहून तो बिचारा स्वतःच लाजला. अक्षर तुमचं होतं. नागपूरचे पाहुणे मुलगा पाहायले आले होते ना, मुलाचं नाव मोठं दिसलं पाहिजे, पोरगी गाडीखाली झोपते हे पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, असं तुम्ही आईले सांगितलं.

दुसरं काहीही लिहिलं असतं तर मी गिळलं असतं. पण हेल्पर? कावून, बाबा? परमनंट व्हायच्या आधी चौदा वर्षं तुम्ही ठेकेदाराकडं फिटरचं काम केलं आणि हजेरीच्या मस्टरवर हेल्परच राहिले. मी स्टील प्लांटमध्ये टेक्निशियन लागली तेव्हा तुम्ही घरोघरी पेढे वाटत सांगितलं की आमच्या घरातला हेल्पर आज संपला. तो शब्द किती चावते, हे साऱ्या भिलाईत तुमच्याएवढं कोणाले माहीत? माहीत असून लिहिला. तुम्ही मले फसवलं.

पण हे भांडायले लिहिलं नाही. सोमवारी आईकडून कळलं, रविवारी साक्षगंधाची अंगठी घालायले तुम्ही आणि प्रफुल त्याच गाडीनं नागपूरले जाऊन राहिले. जाऊ नका. पुढच्या डाव्या ब्रेकच्या सीलमधून तेल गळते. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी ते बदलणार होती, मग पाटी पाहिली आणि आलीच नाही. गावात हळूहळू चालून जाईल, पण राजनांदगावच्या पुढं ट्रकामागं दोनदा जोरात दाबलं की पेडल सरळ खाली बसेल, ब्रेक लागणारच नाही. चार दिवस मी गप्प राहिली. माझ्याशिवाय काय होते ते कळू द्या यांले, असं वाटलं. मग माझीच मले भीती वाटली. माझा राग तुमच्यावर आहे, तुमच्या जिवावर नाही. पत्र आईच्या हाती देते, तुम्ही वाचल्याशिवाय ती गाडीची चाबी देणार नाही. नवं सील लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या डबीत आहे. चांगल्या मिस्त्रीकडून बसवून घ्या. मी येणार नाही.

तरीही तुमचीच,
मित्रा