तू आडवी, मी उभा

विश्रामबाग, सांगली
६ जानेवारी २०२५

ती. आबांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

काल सकाळी ठरल्याप्रमाणे आठ वाजता मी होस्टेलच्या गच्चीवर हजर होते. तुम्ही होतात ना डोंगरावर? अर्धा तास मी मोर्समध्ये "आबा, आबा" ठोकत बसले आणि उत्तरात नुसती खरखर. कपडे वाळत घालायला आलेल्या मावशींनी विचारलं की ही पोरगी कुणाशी बोलतेय. माझी मैत्रीण स्वप्नाली आकाशाकडे बोट करून म्हणाली, आजोबांशी. मावशी हात जोडून खाली पळाल्या. तुम्ही उंब्रजला ठणठणीत आहात हे सांगायला मला तीन मजले उतरावे लागले.

पण आबा, मी हरणार नाही. फोनवर तुम्ही "काय?" म्हणता, मी ओरडते, तुम्ही पुन्हा "काय?" म्हणता आणि फोन आजीकडे देता. मला फार वाईट वाटतं. माणसाचं बोलणं तुमच्या कानात विरघळतं, पण कराडच्या डॉक्टरांच्या यंत्रातला सरळ सूर तुम्हाला स्वच्छ ऐकू आला होता. मी शेजारीच बसले होते. वाटीवर चमचा वाजवून तुम्ही मला मोर्सचे ठिपके आणि रेघा शिकवल्यात, आता रेडिओचा परवानाही हातात आलाय. मला तुमच्याशी बोलायचंय, मध्ये आजी नको.

रेडिओ जुळेपर्यंत त्याबद्दल फोन करणारा बाद, हा तुमचा हुकूम पाळतेय. माझी सळई मीटरभर लांब आहे आणि झेंड्याच्या काठीसारखी ताठ उभी आहे. तुमची कशी आहे ते कळवा. आजीला नमस्कार. माया अशीच चालू ठेवा.

तुमची,
संयोगिता

---

उंब्रज
८ जानेवारी

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट बघायला धीर नाही, म्हणून आधीच लिहितो. रविवारी मी सातलाच डोंगरावर पोचलो होतो. फौजेच्या सिग्नलमध्ये चोवीस वर्षं काढली, पण मी सेटपाशी बसणारा. तार ओढायची लाइनमननं. म्हणून आपला नाथाजी लाइनमन बरोबर घेतला. त्याने दोन बांबू रोवून सळई जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी आडवी बांधली.

मग आमची जुंपली. नाथाजी म्हणे, टोक सांगलीवर रोखा, तार जिकडं न्यायची तिकडंच ओढायची असती. त्याची सगळी हयात टेलिफोनची तार या चौकीतून त्या चौकीत नेण्यात गेली. मी त्याला समजावलं की गड्या, ही तार कुठंच जात नाही, ही नुसती वाट बघते. सांगलीहून लाट येते. ती सळईवरून जाताना आतल्या इलेक्ट्रॉनांना झोके देते. ते पुढं-मागं झुलले की तेवढीच कणभर वीज केबलमधून खाली उतरते, सेट ती मोठी करतो आणि मला टूं ऐकू येतं. लाट दोन मीटरची, म्हणून सळई एक मीटरची, म्हणजे झोका नेमका बसतो. आणि सळईनं सांगलीला कूस द्यायची, टोक नाही. नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग टूं का येईना. यावर मी चहा काढला.

रविवारी पुन्हा आठला. अभ्यास सोडू नकोस.

तुझा,
आबा

---

विश्रामबाग, सांगली
१३ जानेवारी

ती. आबांस सा. न.

सापडलं! तुमचं पत्र शुक्रवारी आलं आणि "आडवी" हा शब्द वाचून मी मेसमध्ये अशी किंचाळले की स्वप्नालीच्या ताटात आमटी सांडली. आबा, माझी सळई उभी होती. उभ्या सळईतून निघालेली लाट वर-खाली हेलकावते. तुमच्या आडव्या सळईत इलेक्ट्रॉनांना वर-खाली पळायला जागाच कुठे? सळईच्या जाडीएवढी! माझं सगळं बोलणं तुमच्या डोक्यावरून सरळ साताऱ्याला जात होतं.

मग विचार केला, या वयात तुम्हाला कशाला बांबूंशी झटायला लावू? शनिवारी मीच माझी सळई आडवी केली, उंब्रजकडे नीट कूस करून. काल आठला बसले. आणि पुन्हा शुकशुकाट! आता मात्र मला काही सुचत नाही. तुमची बॅटरी उतरली होती का? की नाथाजीआजोबांनी टोक रोखलंच?

तुमची रडकुंडीला आलेली,
संयोगिता

---

उंब्रज
१३ जानेवारी

चि. संयोगितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. तू उभी, मी आडवा! सिग्नलच्या हवालदाराला हे शोभतं का? म्हटलं, पोरीची परीक्षा जवळ आलीय, तिला कशाला गच्चीवर कसरत. नाथाजीला शनिवारीच वर नेलं आणि आमची सळई ताठ उभी केली. सांगली दिसावी म्हणून नाथाजीनं त्या दिशेची बाभळीची फांदीही तोडली.

काल आठ ते नऊ बसलो. काही नाही. आता दोन्ही सळया उभ्या, सेट ठीक, बॅटरी भरलेली. मग बिघाड उरतो तो एकच. संयोगिता, मला वाटतं आता तो सरळ सूरही मला ऐकू येईनासा झाला. तू हाक मारत असशील आणि मी दगडासारखा बसलो असेन. तसं असेल तर पोरी, तू आता गच्चीवर उन्हातान्हात बसू नकोस.

आबा

---

उंब्रज
१५ जानेवारी

चि. संयोगितास आजीचा आशीर्वाद.

सोबत तिळगूळ धाडलाय. पत्र मी लिवती, कारन तुझ्या आबाला हसू आवरंना. सोमवारपास्नं तोंड पाडून बसलंता. संक्रांतीला तिळगूळ तोंडात घाटला न्हाई, निस्ता वाटीवर चमचा वाजवून आपला कान तपासत हुता. आज तुझं पत्र आलं तवा वाचलं, आन् असा हसला की मला वाटलं ह्येला काय झालं.

व्हय गं बाय, तुमी दोघं शाणी हायसा का? एकाच दारात दोघं, तू आदी जा, न्हाई तू आदी जा, आन् दोघंबी तिथंच! आता माजं ऐका. तू आडवी केलीयास न्हवं? आडवीच ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाई. तुला आबाचं पत्र आलं आसंल, ते वाचून पुन्यांदा उभी केली आसशील तर आत्ता जाऊन आडवी कर. हलायचं ते आमी हलू. रविवारी मी सोता डोंगरावर जानार हाय, म्हाताऱ्यावर माजा भरवसा न्हाई.

पोटाला नीट खा.

तुझी आजी,
मनुबाई

---

उंब्रज
१९ जानेवारी, रविवार

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

डोंगर उतरून थेट लिहायला बसलोय, अक्षर सांभाळून घे. सळई आडवी झाल्यावर मनुबाई बांबूला पाठ लावून पहाऱ्याला बसली आणि नाथाजीला तिनं दहा पावलं लांब उभं केलं. आठला दोन मिनिटं होती तेव्हाच टूं आलं. टाकीनं दगडावर घाव घालावा तसं स्वच्छ! "आबा." मग "जेवलात का." सकाळी आठला! मी उत्तर दिलं की भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तू विचारलंस की डॉक्टरांनी ठेचा बंद केलाय ना. मी म्हटलं, आजी शेजारी आहे, विषय बदल. नाथाजीला वाटलं मला चक्कर आली, कारण मी हसता हसता रडत होतो. रडलो, लपवत नाही. पाऊण तासात मी तुला एकदाही "काय?" विचारलं नाही.

आता एक कबुली देतो. दिवाळीत तू माझ्याशेजारी पडवीत बसून अख्खी दुपार काहीतरी सांगत होतीस. मध्येच तुझे डोळे भरले, मग तू हसलीस. मीही हसलो, मान डोलावली. तू म्हणालीस की आबांना सांगितलं की बरं वाटतं. तेवढं एक मनुबाईनं मला नंतर ओरडून सांगितलं. पोरी, बाकी त्या दुपारी मला एक शब्दही कळला नव्हता.

पुढच्या रविवारी ते सगळं पुन्हा सांग. सावकाश सांग, पहिल्यापासून. मी दोन बॅटऱ्या भरून नेतो.

माया आहे ती आहेच, तुझ्याकडून कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
आबा