जामखेड रस्त्याचा काटा

१२ जानेवारी १९९६

रंभाजीचे दोन्ही हात ठेचले! पहारीनं! कारखान्याच्या ऊसकाट्यावर अचानक तपासणीला गेला होता— आम्हा वजनमापे निरीक्षकांचं कामच ते. काटा मारणारे आधीच दबा धरून बसलेले. त्याची चांगुणा दवाखान्यात भिंतीवर डोकं आपटत होती. "आता ह्यांना घास बी मीच भरवायचा व्हय!"

जोडीदार म्हणून मीही जाणार होते. अंगात कणकण होती, नवऱ्यानंच हट्टानं घरी ठेवलं.

खबर कुणी फोडली? त्या मुडद्याचा गळा दाबीन.

१४ जानेवारी

भिंगारला आमच्या निरीक्षक संघटनेची बैठक. केलं काय? निषेधाचा ठराव! वर तिळगूळ! मी कप भिंतीवर फोडला.

अध्यक्ष वाल्मिकराव म्हणाले, "यशोधराबाई, नियम पाळा. ठिकाण फक्त जोडीदाराला आन् मला सांगायचं."

जोडीदार मी. म्हणजे उरलं कोण? हा म्हातारा!

घरी प्रवीणपुढं सगळं ओकले. नवरा माझ्याहून भडकला. "हात तोडले पाहिजेत असल्यांचे!" या हंगामात त्याच्या ट्रकला कारखान्याचा ऊस मिळालाय, एरवी खुशीत असतो.

२१ जानेवारी

वाल्मिकरावांना सांगितलं— उद्या सकाळी जामखेड रस्त्याचा काटा, मी एकटीच. खोटं! मी समोरच्या ढाब्यावर बसणार. गुंड आले की सापडलास, म्हाताऱ्या!

सापळ्याचं प्रवीणलाही बोलले नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर. नेहमीसारखं ठिकाण तेवढं सांगितलं. म्हणाला, "तू नको जाऊ. ताप आलाय म्हणून कळव. दुसऱ्या कुणाला पाठवतील."

बरं म्हटलं.

२२ जानेवारी

आले! चौघं, पहारी घेऊन. मला आनंद झाला— खरंच झाला, थू माझ्यावर!

तेवढ्यात लुनावरून वाल्मिकराव. एकटे, हातात काठी. "आमच्या बाईला हात लावून तर बघा रं!" पहिली पहार गुडघ्यावर बसली. दुसरी तोंडावर. मी किंचाळत धावले, ढाब्यावरची माणसं धावली, तेव्हा कुठं ते पळाले. दात मातीत पडले होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर रक्ताच्या गुळण्या टाकत मलाच विचारतात—

"बाई, तुमाला लागलं न्हाई ना?"

२३ जानेवारी

ठिकाण दोघांनाच सांगितलं होतं.

दुसरा आत जेवायला बसलाय. आमटी वाढ म्हणून हाका मारतोय. तपासणीचं पाच किलोचं लोखंडी वजन माझ्या मांडीवर आहे.

आले हं, प्रवीण.