तपासणीच्या बाई

प्रिय बाळ,

तू पाठवलेली माहितीपत्रकं मिळाली. कागद इतका गुळगुळीत की तुझ्या आईने त्यातलं एक कपाटाच्या खणात अंथरून टाकलं. मी बाकीची वाचली. तू सुचवलेलं ते मोठं शुश्रूषा केंद्र आम्ही दोघं बघून आलो आणि तिथे तिला ठेवायचं नाही असं मी ठरवलंय. लगेच फोन उचलून माझ्यावर करवादू नकोस. आधी सगळं वाच.

तू फोनवर आई कशी आहे म्हणून विचारतेस आणि मी ठीक आहे म्हणतो. ठीक कसलं. मध्यंतरी भल्या पहाटे दार उघडून ती ऑफिसला निघाली. बसथांब्यावर सापडली, काखेत पर्स, पायात माझ्या चपला. बाथरूममध्ये तिला उठवताना दोघंही पडलो आणि मग आम्हाला उठवायला कुणी नाही म्हणून तिथेच बसून राहिलो. ती हसत होती, मलाही हसू आलं. पण मी थकलोय, बाळ. हे लिहिताना सोपं जातं, बोलताना जात नाही.

तिला घरी एकटी ठेवता येत नाही, म्हणून केंद्र बघायला तिलाही घेऊन गेलो. कुठे जातोय ते सांगितलं नाही. माझं धाडसच झालं नाही. तुझ्या त्या केंद्राच्या दारात शिरलो तर फुलदाण्या, माशांची पेटी, पायाखाली आरशासारखी फरशी. व्यवस्थापक हात जोडून पुढे आला. आणि तुझी आई ताठ झाली. चष्मा पुसला, पर्स सरळ केली आणि त्याला म्हणाली, मी तपासणीला आलेय, आधी संडास दाखवा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सारी नोकरी तिने असले वृद्धाश्रम नि शुश्रूषा केंद्रं तपासण्यात घालवली. मुलांची नावं विसरेल, पण दार ढकलून आधी वास घ्यायचा हे विसरणार नाही. त्या बिचाऱ्याच्या पाचावर धारण बसली. मॅडम आज कशा, कळवलं नाही कसं, असं काहीबाही बोलायला लागला. मला त्याची दया आली आणि मी तिच्या पाठीमागून खूण केली, डोक्याकडे बोट दाखवून. ती खूण केल्याची मला अजून लाज वाटते. पण त्यामुळे मला एक गोष्ट दिसली. माणूस क्षणात बदलला. हो हो आज्जी, दाखवू हं, आधी खाऊ खायचा ना, असं म्हणत त्याने तिचा गाल थोपटला. तिने त्याचा हात बाजूला केला, पुन्हा संडासाबद्दल विचारलं, आणि त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. संडास काही दाखवला नाही. नाव मोठं, लक्षण खोटं. परतताना रिक्षात तिने पर्स उघडून पुन्हा बंद केली. मग म्हणाली की तिथली म्हातारी माणसं फार शहाण्यासारखी बसली आहेत, कुणी काही मागत नाही, हे बरं लक्षण नाही. मी तर ते बघितलंही नव्हतं.

दुसरं केंद्र आपल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सुचवलं. भिंतींचे पोपडे निघालेत, जिना अरुंद आहे, तू बघितलंस तर नाक मुरडशील. तिथेही आईने दारातच जाहीर केलं की तपासणी आहे. मेट्रन म्हणून एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई आहे. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. या वेळी मी खूण केली नाही. ती म्हणाली, या बाई, कुठून सुरुवात करायची? आणि खरंच सगळं दाखवलं. आईने नळाखाली हात धरून गरम पाणी किती गरम ते बघितलं. गाद्या उलटून बघितल्या. एका रिकाम्या खाटेजवळची घंटा दाबली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. एक नर्स हात पुसत धावत आली, कुणी नाही बघून वैतागली आणि तसं तोंडावर बोललीही. आई खूश. जेवणघरात एक आजोबा मेट्रनच्या समोरच भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरत होते, दुसऱ्या एक आजी त्यांना गप्प बसा म्हणत होत्या. आई माझ्या कानाशी म्हणाली, इथे माणसं घाबरत नाहीत.

दोषही काढलाच. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंचा पाण्याचा तांब्या त्यांचा हात पोचणार नाही असा ठेवला होता. आईने मेट्रनला सगळ्यांदेखत झापलं. मेट्रनने टेबल ओढून जवळ घेतलं, चुकलं म्हणाली आणि त्या बाईंना आपल्या हाताने पाणी पाजलं. आईची समजूत काढायला म्हणून नव्हे. खरंच चुकलं होतं, म्हणून.

सगळं बघून झाल्यावर आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि मला, एखाद्या परक्या गृहस्थाला विचारावं तसं, तुमचं कोण यायचंय म्हणून विचारू लागली. मी म्हणालो, बायको. तिने फार आपुलकीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुमची तब्येत उतरलीय, आणा त्यांना, जागा चांगली आहे. मग थांबून म्हणाली, "पण त्यांना सांगून आणा. फसवून आणलेलं माणूस दारापासून हलत नाही. मी पाहिलीत तशी माणसं."

तू मागच्या वेळी आलीस तेव्हा तिने तुला नवी सिस्टर समजून औषधाचं विचारलं, आणि तू तोंड धुवायला म्हणून गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस. त्यानंतर तुझं येणं झालेलं नाही. मी दोष देत नाही. मलाही ती कधी कधी परका समजते, फक्त मला उठून जायला दुसरं घर नाही.

काल दुपारी तिची नखं कापता कापता मी सांगून टाकलं. सरळ सांगितलं, की तुला त्या मेट्रनबाईंकडे राहायला नेणार आहे, मला एकट्याला झेपत नाही, आणि मी रोज येईन. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ऐकलं की नाही तेही कळेना. मी दुसरा हात घेतला, तर तो तिने सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळून, अगदी पूर्वीच्या आवाजात विचारलं, "चिंगीला कळवलंत का?" तुझं हे नाव तिच्या तोंडून ऐकून किती काळ लोटला असेल. मी नाही म्हणालो. तर म्हणाली, "आधी तिला कळवा. नाहीतर पोरगी येईल आणि दाराला कुलूप बघून पायरीवर रडत बसेल." म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी आम्ही निघतोय.

तुझाच,
बाबा