जपानची धरणी अन् आपलं वावर

बा, आज दुपारी आमच्या खोलीवर गिरणीचा जॉबर आला अन् चपला न काढताच म्हणाला, "उठा रे! जपानात धरणीकंप झालाय. गिरण्या जळाल्या त्यांच्या. उद्या पहाटे सगळे कामावर या." मुंबईच्या या गिरणीत मी कापड रंगवतो, अन् आमचं रंगखातं पावसाळाभर बंद होतं. जपानचं कापड बंदरावर इतकं स्वस्त उतरून राह्यलं की आमचे तागे गोदामात छताले लागले. रोज फाटकापर्यंत जायचं, कुलूप पाह्यचं अन् वापस यायचं. या महिन्यात काम नसतं निघालं तर मले गाव गाठावं लागलं असतं, अन् गावात आता रंगाऱ्याले काय काम? म्हणून खबर ऐकून सगळे असे उठले, जसं घरी पोरगं झालं. कोकणातला एक म्हणे, "आता जपान्यांच्या बायका आमचंच कापड नेसतील!" कोणी जिलबी आणली. अन् सगळ्यांत मोठ्यानं "बरं झालं!" म्हणणारा मी होतो. जिलबी हातात घेतली अन् तू आठवलास, कोपरापर्यंत रंगानं लाल हातांचा. तवापासून बसवत नाही. दोनदा रस्त्यावर जाऊन आलो. शाळा मी चार बुकं शिकलो, तरी लिहून पाह्यतो.

तुले आठवते, लढाई लागली तवा जळगावच्या दुकानदारानं तुले रिकामा हात दाखवला होता. जर्मनची रंगाची पुडी बंद. आजा आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून, तेला-तुरटीत महिना महिना घोळून खारव्याचं जाडं कापड लाल करायचा. तुह्या वेळेले पुडी आली, पाण्यात टाकली की झालं, अन् आलाची झाडं लावणं लोकांनी सोडून दिलं. मग लढाईत पुडी कुठंच नाही अन् गावोगावच्या बाया लाल लुगडं मागतात. तू पहाडाकडल्या गावांतून बियाणं जमवलं अन् आपल्या नदीकाठच्या वावरात, जिथं माय ज्वारी पेरायची, तिथं आल लावायले काढलं. मुळ्या पिकायले तीन वर्षं लागतात. पारावर सगळे हसले. "तीन साल कोन लढते बे?" तू फेटा झटकला. "राजे लोकायले दुसरं काम काय हाय?"

मग तुही सवयच झाली. संध्याकाळी चावडीवर गुरुजी पेपर वाचायचे, लोक बसून ऐकायचे, कोणतं शहर पडलं, कोणती आगबोट बुडाली. तू येऊन उभ्याउभ्याच विचारायचा, "चालू हाय ना जी, गुरुजी?" गुरुजी म्हणायचे, "चालू आहे." तू "बरं" म्हणून वापस. मागून कोणी तरी हमखास बोलायचं, "या रंगाऱ्याचा अन् बादशहाचा करार झाला दिस्ते." तूही हसायचा. मी तुह्यासंगं असायचो अन् मले वाटायचं, आपला बाप सगळ्यांहून पुढचं पाह्यते.

शेजारच्या काकूचा एकुलता पोरगा खच्चरं हाकायले पलटणीत गेला होता, बसऱ्याच्या बाजूले. आल लावून दुसरं वर्ष चालू होतं, त्या हिवाळ्यात ती लुगडं रंगवायले घेऊन आली. तू हौदावर वाकलेला, मी सरपण लावून राह्यलो. तिनं लुगडं ठेवलं अन् सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊजी, तुमचं वावर कवा निघते जी?"

"पुढच्या हिवाळ्यात, वहिनी."

"म्हंजे तवापर्यंत माह्या पोरानं तिकडंच राहावं?"

ती रागावली नव्हती. तेच वाईट होतं. तिले खरंच विचारायचं होतं, तुले कवापर्यंत लढाई पाह्यजे ते, म्हणजे तिले तितके दिवस जीव धरून राह्यता आलं असतं. तू कापड पिळत राह्यला, पाणी संपलं तरी.

दोन दिवसांनी तू खंदायले टिकास घेऊन वावरात गेला. मी मागं धावलो. "बा, मुळ्या कच्च्या हायेत!" "माहीत हाय." "मंग काऊन खंदून राह्यला?" तू म्हणाला, "खंद बे गुपचूप." कमरेइतके चर खंदले आपण. मुळ्या बोटाएवढ्या, कापल्या तर आतून लालसर पिवळ्या. अर्धा मालही निघाला नाही. माय वावरात येऊन बसली अन् उठेचना. त्या दिवसापासून तू चावडीवर गेला नाही. मी तुह्याशी बोलणं सोडलं. एका बाईच्या बोलण्यावर घरचं दोन वर्षांचं पीक उपटणारा बाप मले बाप वाटत नव्हता. लढाई काय तुह्या खंदण्यानं थांबली? पुरी चालू राह्यली.

पुढचं तुले माहीत नाही, ते सांगायचं आहे. मानमोडीच्या तापाच्या साथीत तू गेलास, अन् त्यानंतर महिन्याभरातच लढाई संपली. शाळेत पोरांले साखर वाटली. दुसऱ्याच हाटाले दुकानदारानं लपवलेल्या पुडीच्या डब्या बाहेर काढल्या, जुन्याच भावानं. पहाडाकडं ज्यांनी तुह्यं पाहून आल लावलं होतं, त्यांच्या पिकल्या मुळ्या कोणी घेईना. तुह्या कच्च्या मुळ्या महागाईतच विकून झाल्या होत्या. लोक म्हणाले, रंगारी हुशार निघाला, वेळ ओळखली. मी कोणालेच खरं सांगितलं नाही. काकूचा पोरगा आला. एका कानानं ऐकू येत नाही त्याले. तो आल्यावर काकू आपल्या दारात उभी राह्यली, आत मात्र आली नाही. मायनं तिले पाणी दिलं, ते ती तिथंच प्याली.

मी मुंबईले आलो, तुह्यासारखं व्हायचं नाही म्हणून. इथं पुडीची पिंपं येतात, त्यावरची अक्षरं मले वाचता येत नाहीत. रंग सांगतील तो टाकायचा. तरी आमची चूल कोणत्या मुलुखावर पेटते ते मले आज दुपारी समजलं. संध्याकाळी खाली पानवाल्याकडं एक जण पेपर वाचत होता. मी म्हणालो, "भाऊ, जपानचं काय लिहिलंय?" तो म्हणे, "शहरंच्या शहरं जळाली हो. माणसं मोजायला माणसं नाहीत." मी मान हलवली अन् विचारलं, "गिरण्या पुन्हा उभ्या राहायले किती दिवस लागतील?" त्यानं पेपर खाली करून माह्याकडं पाह्यलं.

हे पत्र कुठं टाकणार? खोलीतले सगळे झोपले, सदरे धुऊन वाळत घातलेत सगळ्यांनी. मीही घातला आहे. तुह्यासारखं टिकास घेऊन कुठं जायचं, मले माहीत नाही. माह्याजवळ उपटायले वावर नाही. पहाटे भोंगा झाला की मी जाणार, सगळ्यांच्या आधी जाणार. अन् तुलेच सांगतो बा, दुपारपासून मले आनंद झाला आहे, अन् काही केल्या तो जाऊन नाही राह्यला.