बटणचे पहिले तीन महिने

मंगळवार, १२ ऑक्टोबर

चि. छोटीस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत, तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा रुसलाय. बटण चावून तुझ्या हाताला सात टाके पडले हे वाचून वाईट वाटलं. त्यात उजवा हात, जेवताना हाल होत असतील.

शनिवारी कुत्र्यांचे डॉक्टर बटणला सुई देऊन कायमचं झोपवणार आणि त्याआधी त्यांना तो माझ्याकडे कसा वाढला हे हवंय, एवढं समजलं. कारण सापडलं तर इलाज करून बघतील म्हणतात. तेव्हा तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो.

जिन्याला तो घाबरतो, कारण त्याने जिना पाहिलेलाच नाही. माझी शेड सपाट आहे, खाली सिमेंट, वर पत्रा. पहिल्या तीन महिन्यांत जे कुत्र्याच्या नजरेस पडत नाही, ते पुढे त्याला भूत वाटतं. छत्री, झाडू, तुझ्या मुलीचा फुगा, सगळं त्यातच आलं. लिफ्टमध्ये दर वेळी लघवी करतो म्हणालीस, त्याला मात्र माझ्याकडे फडक्याशिवाय उपाय नाही.

आईपासून चौथ्या आठवड्यात तोडला. ती घाबरट होती, आणि आई कशाला दचकते हे पिल्लं बरोबर बघून ठेवतात. मी तशीच कुत्री मुद्दाम ठेवतो. कारखान्यांना राखणीला आवाज करणारा कुत्रा लागतो. शूर कुत्रा खाऊन झोपतो, भ्यालेला रात्रभर भुंकतो. गिऱ्हाइकाला हे सांगत बसत नाही, उगाच त्यांना वाईट वाटतं.

भीती घालायची रीत अशी. एका गाड्यावर बुजगावणं उभं केलंय. त्याला रोज नव्या माणसाचे कपडे चढवतो, धोबी न धुतलेले देतो. गाडा शेडमध्ये ढकलायचा, पत्रा बडवायचा, पाण्याचं भांडं उलथं करायचं. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. गाडा बाहेर गेला की मी आत जातो, मांडीवर घेतो, दूध देतो. कपडे मात्र रोज बदलायलाच हवेत, म्हणजे ती सगळ्याच परक्यांना भितात. माझं हे काम मला चांगलं येतं.

इथवर लिहून मी पत्राची घडी करत होतो. वहिनी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "ती विचारतेय ते कुठाय यात? बटणला नवरा चालतो, मुलगी चालते, पोस्टमनसुद्धा चालतो, मग मीच का, असं विचारलंय तिने. ते लिहिणार नसाल तर पत्र फाडा."

म्हणून लिहितो.

तू गेलीस तेव्हा बाबांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले होते. महिनाभरात येते म्हणालीस आणि कपड्यांची ट्रंक ठेवून गेलीस. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, छोटी आली का. अकरा वर्षं विचारलं. मी त्यांचं अंग पुसत असायचो, आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत असायचे. गेले तेव्हा तू फुलं पाठवलीस. तिसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली.

बटणची वीण तेव्हा चार आठवड्यांची होती. दोन महिने मी बुजगावण्यावर तुझेच कपडे चढवले. निळा स्वेटर, तो राखाडी कोट. कुत्र्याच्या नाकाला अकरा वर्षं म्हणजे काहीच नाही. गाडा आत ढकलताना मी म्हणायचो, "बघा रे, आत्या आली." पत्रा इतर वेळेपेक्षा जोरात वाजवायचो. मला बरं वाटायचं, छोटे. बाबा गेल्यापासून तेवढंच बरं वाटायचं.

वहिनी म्हणाली होती, "अहो, उद्या ती खरंच आली तर?"

"आली तर पिल्लं ओळखतील," मी म्हणालो.

धंद्याच्या दृष्टीने गाढवपणा झाला. एकच वास रोज दिल्यावर त्यांना परका माणूस कळलाच नाही, एक बाई तेवढी कळली. तीन पिल्लं कारखान्यातून परत आली, चोरापुढे शेपूट हलवतात म्हणून. आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. अकरा वर्षांत पहिलं मोठं पत्र, त्यात बाबांविषयी दोन ओळी आणि मुलीला कुत्रा हवाय म्हणून एक पान. दुसऱ्या विणीची पाच पिल्लं शेडमध्ये होती, चांगली खेळकर. मी बटण पाठवला. चुकून नाही.

तर डॉक्टरांना सांग, कुत्रा वेडा नाही, रक्तातही काही खोट नाही. तुझ्याशिवाय कुठल्याही घरात तो सुखाने राहील. तुझ्याच घरात ठेवायचा तर इलाज आहे. रोज दोन तास त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं. हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खाणं बाजूला ठेवून वाट बघायची. वर्ष लागेल, दोन लागतील. तो तुझ्याकडे बघणारही नाही. अशा बसण्याला काय लागतं ते मला ठाऊक आहे, आणि तुझ्यात ते नाही, असं माझं मत आहे.

परत पाठवू नकोस, मी घेणार नाही. फोन करता आला असता, पण तू मध्येच ठेवला असतास. हे पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. म्हणजे शनिवारी सुई दिलीस तर धडधाकट कुत्रा मारतेय हे माहीत असून देशील. माझ्यासारखंच, सगळं माहीत असून.

मुलीला गोड पापा. तिला यातलं काय सांगायचं ते तू बघ.

तुझा,
बाबांजवळ राहिलेला,
दादा